जुनं गोवं नदीकडून पाहायला लागा

पुण्याच्या एका ताईंनी विचारलं आहे: डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे आणि सातवीतली मुलगी यांना घेऊन गोव्याला येतोय. जुन्या गोव्यासाठी अर्धा दिवस ठेवला आहे, तो पुरेल का? सगळी चर्चं सारखीच दिसतात असं ऐकलं, मग नेमकी कोणती पाहावीत? आणि आम्ही ख्रिस्ती नाही, आत गेलेलं बरं दिसेल का?

ताई, मी मूळचा सावंतवाडीचा, राहतो पणजीत आणि गेली सव्वीस वर्षं मराठी गटांना जुनं गोवं दाखवतो. ‘सगळी सारखीच दिसतात’ हे मला दर हंगामात ऐकावं लागतं, आणि ते का वाटतं तेही मी रोज पाहतो. गाडी बॉम जिझस बॅसिलिकेपाशी थांबते. माणसं आत जाऊन सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा देह ठेवलेली चांदीची पेटी पाहतात, रस्ता ओलांडून से कॅथेड्रलमध्ये शिरतात, बाहेर येऊन शहाळं पितात आणि परत निघतात. एक तांबडी इमारत, एक पांढरी इमारत आणि मधे हिरवळ एवढंच लक्षात राहतं. ज्या हिरवळीवरून ती चालत गेली तिथे एकेकाळी रस्ते, बाजार, वाडे, इस्पितळं आणि तुरुंग होते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तेव्हा तुमची खरी अडचण वेळेची नाहीच. शहर नाहीसं झालंय आणि चर्चं तेवढी राहिलीत. मधलं शहर डोळ्यांपुढे उभं राहिलं की प्रत्येक चर्च वेगळं दिसायला लागतं.

अर्धा दिवस की पूर्ण, हे तुमच्या सासू-सासऱ्यांच्या गुडघ्यांवर अवलंबून आहे. सपाटीवरची चार ठिकाणं सकाळी नऊ ते साडेबारा आरामात होतात. टेकडीवरची तीन घ्यायची असतील तर दुपारचा विसावा धरून पूर्ण दिवस ठेवा. माझं मत विचाराल तर पूर्ण दिवस द्या आणि समुद्रकिनाऱ्याचा अर्धा दिवस कमी करा.

पणजीहून हे अंतर सुमारे दहा किलोमीटर आहे. चालकाला हमरस्त्याने न नेता रायबंदरच्या जुन्या रस्त्याने न्यायला सांगा. त्या रस्त्याच्या सुरुवातीला खाजणातून जाणारा लांबच लांब बांध-पूल १६३३-३४ साली बांधलेला आहे आणि आजही त्यावरून वाहतूक चालते. डाव्या हाताला मांडवी सोबत करते. एक सावधगिरी बाळगा: नकाशात ‘गोवा वेल्हा’ नावाचं गाव दिसेल, तिथे जाऊ नका. ते झुआरीच्या बाजूला आहे, गोव्याच्या जुन्या कदंब राजांच्या गोपकपट्टण या राजधानीच्या परिसरात. पोर्तुगीज भाषेत दोन्ही नावांचा अर्थ ‘जुनं गोवं’च होतो, त्यामुळे दरवर्षी काही कुटुंबं तिकडे पोचतात आणि चर्च कुठे म्हणून विचारत बसतात.

जुन्या गोव्यात शिरल्यावर बॉम जिझसला थांबू नका. सरळ खाली नदीवर, दिवाडीच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर जा आणि तिथून मागे वळून चालायला लागा. लिस्बनहून निघालेली माणसं सहा-सहा महिने समुद्रात काढून याच काठावर उतरत. समोर व्हाइसरॉयची कमान दिसेल. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय असताना, सोळावं शतक संपता संपता, त्याने ती पणजोबाच्या स्मरणार्थ उभारली. नदीकडच्या बाजूला वास्कोचा पुतळा आहे. शहराकडच्या बाजूला तलवार घेतलेली स्त्री आहे आणि तिच्या पायाखाली पडलेला पुरुष आहे. मुलीला दोन्ही बाजू दाखवा आणि विचारा, कोण जिंकलंय आणि कोण हरलंय? नवा व्हाइसरॉय याच कमानीतून शहरात पाऊल टाकी. आत्ताची कमान १९५४ साली पुन्हा बांधलेली आहे, पण जागा तीच.

हरलेला कोण, याचं उत्तर पन्नास पावलांवर आहे. कमानीतून आत आल्यावर डावीकडे सेंट कॅजेटन चर्चच्या आवारात काळ्या दगडाची एक एकटी चौकट उभी आहे, पायऱ्यांवर. तिला भिंत नाही, छप्पर नाही. आदिलशहाच्या राजवाड्याची म्हणून ती ओळखली जाते, आणि तिचं कोरीवकाम नीट पाहिलं तर ते आपल्याकडच्या देवळांच्या चौकटीशी नातं सांगतं. पोर्तुगीजांच्या आधी हे विजापूरकरांचं बंदर होतं, एला नावाचं. अरबस्तानातून येणारे घोडे इथे उतरत. २५ नोव्हेंबर १५१० रोजी पोर्तुगीज सेनापती आफोन्सो द आल्बुकेर्कने ते जिंकून घेतलं. तो दिवस सेंट कॅथरीनचा होता. म्हणून तिच्या नावाचं लहानसं चॅपल लगेच बांधलं गेलं, आणि पुढचं मोठं कॅथेड्रलही तिलाच वाहिलं गेलं. ही एक तारीख लक्षात ठेवली की सगळ्या गावाची किल्ली हाती येते.

सेंट कॅजेटन चर्चमध्ये बहुतेक गट जात नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. थिएटाइन संघाच्या इटालियन पाद्र्यांनी सतराव्या शतकात ते रोमच्या सेंट पीटर्सचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून बांधलं. आधी इथे या आणि नंतर से कॅथेड्रलमध्ये जा, म्हणजे पोर्तुगीज आणि इटालियन हात वेगळे कळतात. इथे मधोमध घुमट आहे आणि त्यातून उजेड खाली सांडतो. घुमटाच्या बरोबर खाली, फरशीत झाकलेली एक विहीर आहे. तिच्याभोवती गर्दी नसते, सासूबाईंना बाकावर निवांत बसता येईल.

आता से कॅथेड्रल. काम १५६२ मध्ये सुरू झालं, मुख्य इमारत व्हायला १६१९ उजाडलं आणि वेद्यांचं काम त्यानंतरही तीसेक वर्षं चाललं. लांबी सुमारे ७६ मीटर. समोर उभं राहिलात की काहीतरी चुकल्यासारखं वाटेल, कारण बुरूज एकच आहे. दुसरा १७७६ साली कोसळला आणि पुन्हा बांधलाच नाही. मी लोकांना त्या रिकाम्या जागेकडे पाहायला लावतो. त्या वर्षी गावात बुरूज बांधायला पैसा नव्हता आणि तो बांधावा असं वाटणारी माणसंही फारशी उरली नव्हती. उरलेल्या बुरुजात ‘सोन्याची घंटा’ आहे. ती गोव्यातली सर्वांत मोठी घंटा. नाव आवाजावरून पडलंय, धातूवरून नाही. आत मुख्य वेदीवरच्या सोनेरी लाकडी फलकांत सेंट कॅथरीनचं आयुष्य आणि तिचा मृत्यू कोरला आहे. हे फलक सावकाश वाचा. सुरुवातीची तारीख आठवली की ही बाई इथे का, हे मुलगी स्वतःच सांगेल.

बाजूचं सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च दिसायला साधं आहे, पण त्याचं दार चुकवू नका. १५२१ सालचं चर्च पाडून १६६१ मध्ये नवं बांधताना जुनं काळ्या दगडाचं प्रवेशद्वार तेवढं ठेवलं. दर्यावर्दींच्या काळातली पोर्तुगीज धाटणी या गावात इतकी स्वच्छ क्वचितच उरली आहे. आत फरशीभर थडग्यांचे दगड आहेत, त्यांवर घराण्यांची चिन्हं आणि लेख कोरलेले. लोक त्यावरून चालतात. चालायला हरकत नाही, पण खाली पाहत चाला. लागूनच असलेल्या मठात १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. तिथे व्हाइसरॉय-गव्हर्नरांची रांगेने तैलचित्रं आणि आल्बुकेर्कचा धातूचा पुतळा, आणि त्याच इमारतीत कदंबकालीन वीरगळही आहेत. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं, म्हणून शुक्रवार टाळा.

इथे एक गोष्ट मी टाळत नाही, तुम्हीही मुलीपासून टाळू नका. से कॅथेड्रलजवळच्या मोकळ्या जागेत इन्क्विझिशनचं, म्हणजे चर्चच्या शिकवणीविरुद्ध वागल्याचा संशय असलेल्यांची चौकशी करून शिक्षा देणाऱ्या धर्मन्यायालयाचं कार्यालय होतं, जुन्या आदिलशाही वाड्यातच. १५६० मध्ये ते सुरू झालं, १७७४ मध्ये थांबवलं, चार वर्षांनी पुन्हा चालू केलं आणि १८१२ मध्ये कायमचं बंद झालं. भारतातल्या औषधी वनस्पतींवर मोठं काम करणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याच शहरात राहिला, त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये इथेच छापला गेला, आणि तो वारल्यावर १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळण्यात आली, कारण तो लपून ज्यू धर्म पाळत होता असं ठरवलं गेलं. सेंट झेवियर यांचा याच्याशी संबंध काय, असं प्रत्येक गटात कुणीतरी विचारतंच. उत्तर सरळ आहे. त्यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इन्क्विझिशनची मागणी केली होती. ते प्रत्यक्ष आलं त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. दोन्ही वाक्यं एकत्र सांगावीत. एकच सांगणारे मला दोन्ही बाजूंना भेटतात.

दुपारी ऊन चढल्यावर बॉम जिझसमध्ये जा. तेव्हा शाळांच्या सहलींची गर्दी ओसरलेली असते आणि जाड भिंतींआड गारवा असतो. पायाभरणी नोव्हेंबर १५९४ मध्ये झाली आणि १६०५ मध्ये आर्चबिशप मेनेझिस यांनी ते अर्पण केलं. दर्शनी भागावरचं काळ्या दगडाचं कोरीवकाम पाहा. तो बसाल्ट आपल्या वसईहून गलबतांतून आणलेला आहे. बाकी भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. त्या तांबड्या रंगाचे फोटो सगळे काढतात, पण हे चर्च असं उघडं राहण्यासाठी बांधलंच नव्हतं. त्यावर चुन्याचा गिलावा होता आणि तो १९५० च्या दशकात काढून टाकला. कोकणातल्या माणसाला सांगायला नको की उघडा चिरा पाऊस पितो. दर पावसाळ्यानंतर मी त्या भिंतीवर हात फिरवतो आणि बोटांना तांबडी माती लागते. गिलावा परत चढवावा असं चर्चमधूनही सांगितलं गेलं आहे आणि माझंही तेच म्हणणं आहे. ती इमारत सुंदर दिसण्यापेक्षा टिकणं मला महत्त्वाचं वाटतं.

आत उजव्या हाताला सेंट फ्रान्सिस झेवियर यांची समाधी आहे. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले, ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले आणि १५५४ मध्ये त्यांचा देह इथे आणला गेला. १६२२ मध्ये ते संत म्हणून जाहीर झाले. चांदीची पेटी १६३६-३७ मध्ये गोव्याच्या सोनारांनी घडवली. तिच्यावर त्यांच्या आयुष्यातले ३२ प्रसंग आहेत. खालचा रंगीत संगमरवरी चौथरा मात्र फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याचा. टस्कनीच्या ड्यूकला संतांच्या डोक्याखालची उशी मिळाली होती, त्याची परतफेड म्हणून त्याने तो दिला. दहा वर्षं लागली घडवायला, १६९८ मध्ये तो इथे आला. पेटी उंचावर असते, देह जवळून दिसत नाही. तो दर दहा वर्षांनी खाली आणून से कॅथेड्रलमध्ये ठेवतात. मागचं शवप्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ झालं. म्हणजे तुम्हाला पेटीच दिसेल, अशी तयारी ठेवा.

मराठी माणसाने या पेटीसमोर उभं राहून एक प्रसंग आठवावा. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने इथून हाकेच्या अंतरावरचं जुवे बेट, आजचं सांत इस्तेव, रात्रीत घेतलं. शहर हातचं जाणार हे दिसल्यावर व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर इथे आला, पेटी उघडवली आणि आपला राजदंड संतांच्या पायाशी ठेवला. तेवढ्यात शाह आलमची मुघल फौज घाट उतरत असल्याची बातमी आली आणि महाराजांना माघारी वळावं लागलं. गोव्याच्या ख्रिस्ती श्रद्धेत तो संतांनी केलेला बचाव ठरला, आणि पुढे गव्हर्नर इथे येऊन राजदंड स्वीकारायची प्रथा पडली. संतांचं ‘गोंयचो सायब’, म्हणजे गोव्याचा स्वामी, हे नाव केवळ भक्तीचं नाही, त्यात या शहराची भीतीही आहे, असं मला वाटतं.

आत जाण्याबद्दल: निःसंकोच जा. ३ डिसेंबरच्या फेस्ताला आणि त्याआधीच्या नऊ दिवसांच्या नोव्हेनाला येणाऱ्यांत हिंदू किती असतात ते एकदा पाहायला हवं. बेळगाव, कारवार, सिंधुदुर्गातून माणसं चालत येतात. मेणबत्त्यांबरोबर मेणाचे हात, पाय वाहतात. दुखणं ज्या अवयवाचं, तो अवयव. बाहेरच्या जत्रेत खाजं मिळतं, तुम्ही याल तेव्हा काही दुकानं असू शकतात, सासऱ्यांना घेऊन द्या. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसा, फोटो नकोत. शेवटी लोक पुढे रांगेने जातात ती रांग बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असते, तिच्यात उभं राहू नका. रविवारची सकाळ भाविकांसाठी सोडा.

जेवून, तासभर पडून, साडेतीनच्या पुढे टेकडीवर जा. गाडी वर जाते, चढ चालावा लागत नाही. या टेकडीचं नाव मोंते सांतो. सेंट ऑगस्टिनचा अर्धा बुरूज दुरूनच दिसतो. मूळ उंची सुमारे ४६ मीटर, चिऱ्याचा. १८३५ मध्ये धार्मिक संघ बंद केले गेले आणि मठ रिकामा झाला. १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि बुरुजाचा अर्धा भाग. ज्याला शहर कसं मेलं हे समजून घ्यायचं असेल त्याने इथे बसावं, कारण ते एका दिवसात मेलं नाही. १५६५ मध्ये विजयनगर पडलं आणि घोड्यांचं मोठं गिऱ्हाईक गेलं. होर्मुझ, मलाक्का, कोची एकेक करून हातचे गेले. डचांनी मांडवीचं तोंड अडवलं. विहिरी दूषित झाल्या, साथी येत राहिल्या. व्हाइसरॉय आधी पणजीच्या वाटेवरच्या पणेलीला गेला, १७५९ मध्ये पणजीला. लोक सामान घेऊन निघून गेले आणि त्यांच्या पडक्या घरांचे चिरे पणजीच्या बांधकामांत लागले.

याच भग्नावशेषांत तुमच्या मुलीसाठी एक गोष्ट आहे. जॉर्जियाची राणी केतेवान इराणच्या शहाच्या कैदेत होती. धर्म सोडायला नकार दिला म्हणून १६२४ मध्ये शिराझला तिला मारलं. तिचे काही अवशेष ऑगस्टिनियन पाद्र्यांनी १६२७ मध्ये इथे आणून एका खिडकीपाशी ठेवले. जुन्या कागदांत त्या खिडकीचा उल्लेख होता. २००४ च्या उत्खननात हाड सापडलं, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासणी झाली आणि २०२१ मध्ये भारताने त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला दिला. त्या मोकळ्या भिंतींत उभं राहून हे सांगितलं की मुलं गप्प होतात.

समोरच सांता मोनिकाचा मठ आहे. १६०६ ते १६२७ मध्ये बांधलेला हा मठ संन्यासिनींसाठी होता. आज तिथे ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. हस्तिदंती बाळ येशूच्या मूर्ती पाहा. त्या घडवणारे हात इथलेच होते आणि चेहऱ्यांवर, दागिन्यांवर ते ओळखू येतं. मला या गावातलं सगळ्यांत आवडतं ठिकाण त्याच्या पलीकडे, टेकडीच्या टोकाला आहे: रोझरीचं लहान चॅपल. आल्बुकेर्कने इथून लढाई पाहिली असं म्हणतात आणि त्याच्या नवसाचं हे चॅपल १५४०च्या दशकात बांधलं गेलं. आतून साधं, बाहेरून किल्ल्यासारखं. समोर मांडवी आणि पलीकडे दिवाडी. संध्याकाळी इथे बसा.

थोडक्यात क्रम असा ठेवा: सकाळी धक्का, कमान, चौकट, कॅजेटन, से, असिसी; दुपारी बॉम जिझस; संध्याकाळी टेकडी. सासू-सासरे थकले तर कॅजेटन आणि बॉम जिझस एवढंच त्यांना दाखवून बाकीचं तुम्ही मुलीबरोबर करा.

दुसरा दिवस हातात असेल तर सकाळी पुन्हा त्याच धक्क्यावर या आणि फेरीबोटीने गाडीसकट दिवाडीला उतरा. त्या बेटावर कदंबांच्या कुलदैवताचं, सप्तकोटेश्वराचं देऊळ होतं. सोळाव्या शतकात ते पाडलं गेलं आणि भक्तांनी लिंग नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला नेलं. बेटाच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्याला फेरीबोट जाते. देव गेला त्याच पाण्यावरून तुम्ही जाता. तिथलं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार करून उभं केलं, आणि त्याचा शिलालेख दारावर आहे. सासूबाईंना दर्शन होईल. परतताना पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चसमोर गाडी दोन मिनिटं थांबवा आणि वरच्या घंटेकडे पाहा. ती सेंट ऑगस्टिनच्या कोसळलेल्या बुरुजातली आहे.